कसबा पेठ: बालेकिल्ला नक्की कुणाचा आणि कधीपासून?

नारायणपेठी_पाहुणा

मंडळी, मी मूळचा लातूरचा. नोकरीसाठी पुण्यात आलो, आधी वाकडला होतो, आता नारायण पेठेत एका जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. खालच्या अमृततुल्यात रोज सकाळी दोन आजोबा भांडतात. एकाचं म्हणणं, कसबा विधानसभा मतदारसंघ पहिल्यापासून भाजपचाच, २०२३ ची पोटनिवडणूक हा निव्वळ अपघात. दुसऱ्याचं म्हणणं, कसबा कधीच कुठल्या पक्षाचा नव्हता, तो फक्त भाजपच्या गिरीश बापटांचा होता. मी मधे तोंड घातलं की 'तुम्ही बाहेरचे' म्हणून दोघंही एक होतात.

तर जुन्या लोकांनी सांगावं. बापटांच्या आधी इथे कोण निवडून येत होतं? २०२३ ला काँग्रेसचे धंगेकर जिंकले आणि दीड-पावणेदोन वर्षांत तिथेच हरले, हे कसं? आणि 'हा ब्राह्मणांचा मतदारसंघ' असं जे सगळे म्हणतात त्यात तथ्य किती? टीव्हीवर पक्षाचे प्रवक्ते सांगतात ते नको, ते ऐकून झालंय.

आकडेमोड

आधी यादी देतो, चर्चा नंतर करा. १९७८ अरविंद लेले (जनता पक्ष). १९८० पुन्हा लेले, यावेळी भाजप. १९८५ उल्हास काळोखे (काँग्रेस). १९९० अण्णा जोशी (भाजप). अण्णा ९१ मध्ये विठ्ठलराव गाडगीळांना हरवून खासदार झाले, म्हणून पोटनिवडणूक लागली. ती वसंत थोरातांनी काँग्रेसकडून जिंकली. १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४ ओळीने गिरीश बापट. २०१९ मुक्ता टिळक. २०२३ ची पोटनिवडणूक रवींद्र धंगेकर (काँग्रेस). २०२४ हेमंत रासने (भाजप).

म्हणजे 'पहिल्यापासून' म्हणणारे आजोबा निम्मे बरोबर आहेत.

लकडीपूल

आणि दुसरे आजोबा उरलेले निम्मे. चहाचे पैसे दोघांनी अर्धे-अर्धे द्यावेत.

तांबट_आळी

हा धागा दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही. माझं माहेर तांबट आळीतलं आणि सासरही कसबा पेठेतच, दोन गल्ल्या सोडून. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. शिक्षकांना निवडणुकीची कामं चुकत नाहीत, तशी मलाही चुकली नाहीत. मतदानाच्या दिवशी ड्यूटी दुसऱ्या मतदारसंघात लागायची, पण मतदार यादीचं काम मात्र घराजवळचं. बरीच वर्षं बीएलओ होते. बीएलओ म्हणजे यादी घेऊन दारोदार जाणारी बाई: कोण राहतं, कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, कोण वारलं. त्यामुळे मला कसबा पक्षांवरून कमी आणि जिन्यांवरून जास्त ठाऊक आहे. त्याच नजरेने सांगते, पटलं तर घ्या.

माझं पहिलं मत १९८० चं. तेव्हा मताचं वय एकवीस होतं, अठरा नंतर झालं. भाजप एप्रिलमध्ये स्थापन झाला होता आणि निवडणूक मे अखेरीस. म्हणजे पक्षाला जेमतेम दोन महिने झालेले, कमळ हे चिन्ह लोकांना पाठ करून द्यावं लागत होतं. आमच्या आळीत तर काही म्हाताऱ्या 'पणती कुठाय' विचारत होत्या, जनसंघाची सवय. त्या निवडणुकीत अख्ख्या महाराष्ट्रात भाजपच्या चौदा जागा आल्या, त्यातली एक कसबा. तेव्हा हा पक्षाचा जुना गड आहे हे म्हणणं खोटं नाही.

पण पुढच्याच वेळी, १९८५ ला, काळोखे निवडून आले. इंदिराबाई गेल्यानंतरची सहानुभूतीची लाट अजून ओसरली नव्हती हे एक. पण दुसरं असं की काळोखे, पुढे थोरात, आणि आता धंगेकर, ही तिन्ही माणसं पेठेतल्या मंडळांमध्ये, तालमींमध्ये, व्यापाऱ्यांमध्ये ओळखीची. कसब्यात काँग्रेस जेव्हा जेव्हा जिंकली तेव्हा हाताच्या चिन्हाआधी माणूस चालला. बाहेरून आणून बसवलेला उमेदवार इथे कधी रुजला नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. वरच्या यादीत दोन पोटनिवडणुका आहेत. दोन्ही वेळा जागा भाजपची होती, दोन्ही वेळा ती काँग्रेसने घेतली. पहिल्या वेळी हरलेले उमेदवार कोण? गिरीश बापट! हे आता कुणाच्या लक्षात नसतं. ज्यांच्या नावाने कसबा ओळखला जातो ते विधानसभेला पहिल्यांदा उभे राहिले ते पडले. मग ९५ ला जिंकले आणि मग पाच वेळा कुणाला ऐकलं नाहीत. मधे ९६ ला लोकसभेला कलमाडींसमोर उभे राहून हरले, तरी विधानसभेला कसबा पक्का.

ते पक्के राहिले याचं श्रेय त्यांचं आहेच, नाही म्हणणार नाही. माणूस मंडळाच्या मांडवात खुर्ची ओढून बसायचा, समोर काँग्रेसचा कार्यकर्ता असला तरी खांद्यावर हात टाकायचा. विरोधी पक्षातले अर्धे लोक त्यांचे मित्र. मयताला, बारशाला, वास्तुशांतीला हजर. पण निव्वळ बापटांची लोकप्रियता म्हटलं तर २००९ चं गणित सुटत नाही, ते बघा.

२००९ ला बापटांना पंचावन्न हजारांच्या जरा आत मतं पडली. दुसरे आले मनसेचे धंगेकर, हेच ते. तिसरे काँग्रेसचे रोहित टिळक. दोघांनाही सेहेचाळीस हजारांच्या वर मतं. बेरीज करा: विरोधात नव्वद हजारांहून जास्त, बापट पंचावन्नवर विजयी, आठ हजारांनी. त्या रात्री आमच्या चौकात गुलाल उडत होता आणि कोपऱ्यात मनसेची पोरं आणि काँग्रेसची पोरं एकमेकांना 'तुमच्यामुळे' म्हणत होती. खरं तर मनसेची सगळी मतं काँग्रेसला गेली असती असं नाही. त्यातली कितीतरी मुळात युतीची होती. तरीसुद्धा, ज्या मतदारसंघात जिंकणाऱ्याला एकूण मतांची जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त मतं मिळतात, त्याला बालेकिल्ला म्हणायला माझी जीभ वळत नाही.

२०१४ ला तर युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या. पाचही पक्ष वेगवेगळे लढले. बापटांना त्र्याहत्तर हजार, टिळकांना एकतीस, धंगेकरांना सव्वीस. मोदींची लाट होती, बापटांचं काम होतं, सगळं होतं. तो विजय मात्र खणखणीत, त्यात खोट काढणार नाही.

२०१९ ला बापट खासदार झाले आणि उमेदवारी मुक्ताताईंना मिळाली. त्या भाजपच्या पुण्यातल्या पहिल्या महापौर, टिळकांच्या घरातल्या सूनबाई. त्यांना ७५,४९२ मतं, काँग्रेसच्या अरविंद शिंदेंना ४७,२९६. शिवसेनेचे बंडखोर विशाल धनवडे अपक्ष उभे होते, त्यांना चौदा हजारांच्या आसपास. मनसेला आठ हजारांवर. या तिघांची बेरीज सत्तरच्या जरा आत येते. लक्षात ठेवा हा आकडा, पुढे लागणार आहे.

बाकी पुढच्या भागात लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

आकडेमोड

तांबट_आळी ताई, एक भर. २००९ आणि त्याआधीची तुलना करताना सावध राहायला हवं, कारण मधे हद्दीच बदलल्या. २००८ च्या पुनर्रचनेत शहरातला भवानी पेठ हा मतदारसंघच गेला. १९९५ आणि ९९ ला तिथून शिवसेनेचे दीपक पायगुडे निवडून आले होते, २००४ ला राष्ट्रवादीच्या कमल ढोले पाटील. कोथरूड, वडगाव शेरी, खडकवासला, हडपसर हे नवे झाले. मध्य पुण्याची लोकसंख्या घटत होती आणि कडेची फुगत होती, म्हणून पेठांची एक जागा कमी झाली. तेव्हा 'कसब्यात सलग पाच वेळा' म्हणताना बापटांचा पहिल्या तीन वेळचा कसबा आणि शेवटच्या दोन वेळचा कसबा नकाशावर एक नाही.

तांबट_आळी

अगदी बरोबर, आणि लोकसंख्या घटण्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय, तेच लिहायला बसले होते.

पेठा रिकाम्या व्हायला सुरुवात पानशेतच्या पुरापासून. १२ जुलै १९६१. नदीकाठच्या पेठांमधली कितीतरी घरं गेली, लोकांना गोखलेनगरसारख्या पूरग्रस्त वसाहतींत जागा मिळाल्या. मग ऐंशीच्या दशकापासून मुलांची लग्नं झाली की जोडपं कोथरूडला, नाहीतर सिंहगड रोडला. वाड्यात दोन खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास. सून कोण येणार तिथे? म्हातारे मागे राहिले. पण गंमत अशी की नावं यादीत इथेच राहिली. मी घरी जायची तर आजी सांगायच्या, "मुलगा कर्वेनगरला असतो, पण मत इथेच टाकतो हो, नाव काढू नका." नियमाने नाव तिकडे जायला हवं. मी फॉर्म द्यायची, समजावून सांगायची. फॉर्म आजींच्या देवघरातल्या फळीवर जाऊन बसायचा.

काहींना वाड्यातला हक्क जाईल अशी भीती. पागडीचा भाडेकरू असला की यादीतलं नाव हासुद्धा त्याला राहत असल्याचा पुरावा वाटतो. मालकाला उलट वाटतं. त्यामुळे 'राहत नाहीत' असा शेरा मारायचा म्हटलं की मालक एक सांगायचा, भाडेकरू दुसरं, आणि दोघंही मला चहा प्यायला लावायचे. असो.

सांगायचा मुद्दा, कसब्यात मतदार पावणेतीन लाखांच्या आसपास आहेत, पण त्यातला मोठा भाग मतदानाच्या दिवशी पुलापलीकडून, नाहीतर डोंगरापलीकडून यावा लागतो. तो आला की निकाल एक, नाही आला की दुसरा. याला मी पक्षांच्या भाषणांपेक्षा जास्त महत्त्व देते.

आता २०२३. मुक्ताताई २२ डिसेंबर २०२२ ला गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यसभेच्या मतदानाला त्या आजारपणात अ‍ॅम्ब्युलन्समधून मुंबईला गेल्या होत्या, चिंचवडचे लक्ष्मण जगतापही तसेच गेले होते. तेही ३ जानेवारीला वारले. दोन्ही पोटनिवडणुका एकाच दिवशी लागल्या. आधी २७ फेब्रुवारी ठरली होती, बारावीची परीक्षा आली म्हणून एक दिवस अलीकडे घेतली, २६ ला. रविवार. नोकरदार माणसाला रविवारी सकाळी कोथरूडहून कसब्यात आणणं म्हणजे काय ते कार्यकर्त्यांना विचारा. मतदान पन्नास टक्के झालं, टक्क्याचा एखादा अंश इकडेतिकडे.

निकाल २ मार्चला. धंगेकर ७३,३०९, रासने ६२,३९४. फरक १०,९१५.

आता मघाचा आकडा काढा. २०१९ ला भाजपच्या विरोधातल्या तिघांची बेरीज सत्तर हजारांच्या जवळ होती. २०२३ ला काँग्रेस, राष्ट्रवादी, ठाकरे गट एकत्र, मनसेचा उमेदवार नाही, बंडखोर माघारी गेलेले. धंगेकरांना मिळाली त्र्याहत्तर हजार. म्हणजे धंगेकरांनी जादू केली असं काही नाही. ती मतं पेठेत होतीच, वेगवेगळ्या डब्यांत होती. जे घडलं ते दुसऱ्या बाजूला: भाजपची पंचाहत्तरची बासष्ट झाली. तेरा हजार माणसं कुठे गेली, हा खरा प्रश्न.

आणि २०२४ ला उलटं. धंगेकर ७०,६२३. म्हणजे अडीच-तीन हजारांचीच घट! रासने मात्र बासष्टवरून ९०,०४६. धंगेकरांचे लोक सोडून गेले म्हणून ते हरले असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. त्यांचे मतदार जवळपास तेवढेच राहिले. भाजपने अठ्ठावीस हजार जास्त माणसं केंद्रावर आणली.

लकडीपूल

ताई, आकड्यांबद्दल वाद नाही. पण तुम्ही जातीचा मुद्दा बाजूला ठेवलात. आधी कोथरूडमध्ये मेधा कुलकर्णींचं तिकीट कापून चंद्रकांत पाटलांना दिलं, मग कसब्यात टिळकांच्या घरात उमेदवारी दिली नाही. तेव्हा पेठेत फलक लागले होते, कुलकर्णी गेले, टिळक गेले, आता बापटांचा नंबर का, अशा अर्थाचे. हे काही काँग्रेसने लावलेले नव्हते. सदाशिव-नारायणमधला मतदार चिडला होता. तुमचे तेरा हजार तेच आहेत.

नारायणपेठी_पाहुणा

हाच माझा तिसरा प्रश्न होता. ताई, सांगाच. आणि 'माणसं आणली' म्हणजे नक्की काय करतात?

तांबट_आळी

लकडीपूल, मुद्दा बाजूला ठेवला नव्हता, आधी जेवण केलं.

भाजपचे कसब्यातले लेले, जोशी, बापट, टिळक हे चारही आमदार ब्राह्मण. रासने त्या ओळीतले पहिले वेगळे. तेव्हा नाराजी नव्हती असं मी म्हणणार नाही. आमच्या शाळेतल्या निवृत्त बाई, सदाशिव पेठेत राहतात, आयुष्यभर एकाच पक्षाला मत, त्या मला म्हणाल्या, "यावेळी माझे गुडघे दुखतायत." गुडघे २०१४ लाही दुखत होते.

पण हिशेब घालून बघा. त्या निवडणुकीत हिंदू महासंघाचे आनंद दवे हीच नाराजी घेऊन उभे होते. त्यांना तीनशेसुद्धा मतं पडली नाहीत. 'नोटा'ला त्याहून जास्त पडली. चिडलेला मतदार दव्यांकडे गेला नाही, धंगेकरांकडेही सगळा गेला असेल असं मला वाटत नाही. तो घरी बसला. जातीची नाराजी उमेदवार निवडून आणत नाही, ती दार बंद ठेवते. आणि 'ब्राह्मणांचा मतदारसंघ' हे तर पुण्याबाहेरच्या लोकांनी रंगवलेलं चित्र. या मतदारसंघात बोहरी आळी आहे, तांबट आळी आहे, कुंभारवाडा आहे. मंडईतले भाजीवाले आहेत, रविवार पेठेतले घाऊक व्यापारी आहेत, सोमवार-मंगळवार पेठेतल्या वस्त्या आहेत. लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानात उभं राहून सगळा कसबा दिसत नाही. माझं स्वतःचं घर तांबटांचं, आम्हाला कुणी ब्राह्मण समजलं तर माझ्या वडिलांना हसू आलं असतं.

मला वाटतं दुखणं तीन ठिकाणी होतं.

एक, बापट आजारी. प्रचाराच्या दिवसांत केसरीवाड्यातल्या मेळाव्याला ते व्हीलचेअरवर आले, नाकात ऑक्सिजनची नळी. कार्यकर्त्यांना हुरूप यावा म्हणून आणलं असेल. पण ते बघून पेठेतल्या बायका हळहळल्या, आणि माझ्या ओळखीतल्या काहींना राग आला, की या माणसाला या अवस्थेत का दमवताय. निकालानंतर महिन्याच्या आत, २९ मार्चला ते गेले.

दोन, वाडे आणि कर. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, २०१० पासून कायदा जास्तच कडक झाला. तिथले वाडे पडायला आलेत, टेकू लावून लोक राहतात, बिल्डर हात लावत नाही. हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत सोडवतो म्हणून सांगतात. शिवाय स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरात पुण्यात वर्षानुवर्षं मिळणारी ४० टक्के सवलत गेली होती, लोकांच्या हातात वाढीव बिलं होती. महापालिकेत तेव्हा नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासक होता. जाऊन भांडायचं कुणाशी? आणि भाजपचा उमेदवार महापालिकेच्या स्थायी समितीचा चार वेळा अध्यक्ष राहिलेला. रासनेंचा वैयक्तिक दोष किती हे देव जाणे, पण बिल हातात घेतलेल्या माणसाला समोर तेच दिसत होते. हरल्यानंतर त्याच वर्षी सरकारने ती सवलत परत दिली, हे बघा म्हणजे झालं.

तीन, धंगेकर स्वतः. आधी शिवसेना, मग मनसे, मग काँग्रेस. २०१७ ला महापालिकेत भाजपचे गटनेते गणेश बीडकरांना हरवून आलेले. पक्ष बदलले, पण चौक बदलला नाही. कुणाच्या घरात पाणी येत नाही, कुणाचा पोरगा चौकीत अडकलाय, हा माणूस दुचाकीवर हजर. प्रचारात भाजपकडून 'हू इज धंगेकर' असं विचारलं जाणं ही त्या मोहिमेतली सर्वांत महागडी चूक. पेठेतल्या माणसाला 'तू कोण' विचारलेलं चालत नाही. ते त्याच्याबद्दल विचारलं तरी आपल्याला विचारल्यासारखं वाटतं.

आणि मतदानाच्या नऊ दिवस आधी, १७ फेब्रुवारीला, निवडणूक आयोगाने शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. आमच्या आळीतले दोन कट्टर शिवसैनिक, ज्यांनी जन्मात हाताला मत दिलं नाही, ते त्या दिवसानंतर हाताच्या चिठ्ठ्या वाटत फिरत होते. मी पाहिलंय. त्यांची तोंडं बघण्यासारखी होती.

आता 'माणसं आणतात' म्हणजे काय ते. मतदार यादीच्या एका पानावर तीसेक नावं असतात. त्या पानाला एक माणूस नेमतात, पन्नाप्रमुख म्हणतात. त्याने त्या नावांना फोन करायचा, कोण कुठे राहतं ते लिहून ठेवायचं, आदल्या दिवशी चिठ्ठी पोचवायची. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर बसून यादीवर टिक करत जायचं. दुपारी एक वाजता टिक नसलेल्यांना पुन्हा फोन. चार वाजता गाडी. हे ऐकायला सोपं आहे. करणारा माणूस मनापासून हवा. २०२३ ला टेबलं होती, पण खुर्चीवरची माणसं फोनमध्ये रील बघत होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बुधवार होता, सुट्टी होती, आणि सकाळी सातपासून कोथरूडच्या, धायरीच्या म्हाताऱ्यांना घेऊन गाड्या येत होत्या. माझ्या जुन्या यादीतल्या ज्या आजी देवघरातल्या फळीवर फॉर्म ठेवायच्या, त्यांच्या मुलाला मी त्या दिवशी कितीतरी वर्षांनी पाहिलं.

त्याआधी त्याच वर्षीच्या लोकसभेत चाहूल लागलीच होती. मुरलीधर मोहोळांनी धंगेकरांना सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरवलं, आणि धंगेकर आमदार असूनही कसब्यातच मागे पडले. काँग्रेसवाल्यांनी ते गांभीर्याने घेतलं नाही. विधानसभेला माजी महापौर कमल व्यवहारे यांची बंडखोरी झाली. तिचा निकालावर परिणाम झाला नाही, पण घरातलं भांडण सगळ्या पेठेला दिसलं. लाडकी बहीणचे पैसे खात्यात, बटेंगे-कटेंगेची हवा, हे राज्यभर होतं, इथेही होतं.

आकडेमोड

पोटनिवडणुकांवरून आठवलं. बापट मार्च २०२३ मध्ये गेल्यावर पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी, मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट. इथे वर्षाहून जास्त उरली होती. तरी झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घ्या म्हणून आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जून २०२४ पर्यंत पुण्याला खासदारच नव्हता.

लकडीपूल

कसब्याच्या निकालानंतर कुणाची हिंमत होती पोटनिवडणूक घ्यायची? हे माझं मत, आयोगाचं कारण वेगळं होतं.

ताई, जातीच्या मुद्द्यावर अजून पूर्ण पटलं नाही. मेधाताईंना २०२४ च्या सुरुवातीला राज्यसभेवर पाठवलं ते उगाच नव्हे. पण गुडघ्यांचा किस्सा मान्य.

तांबट_आळी

राज्यसभेचं खरं आहे, नाराजी दिसली म्हणूनच मलम लावलं. मी नाराजी नाकारत नाही, तिचं वजन कमी धरते इतकंच.

आणि आता धंगेकर मार्च २०२५ पासून शिंदेंच्या शिवसेनेत आहेत. म्हणजे २०२३ ला ज्यांच्या विरोधात हाताच्या चिठ्ठ्या वाटल्या त्यांच्याच बाजूला. आळीतले ते दोन शिवसैनिक सध्या कुणाशीच बोलत नाहीत. पुढच्या वेळी ती सत्तर हजार मतं कुणाच्या मागे उभी राहतात ते मला बघायचंय. एकाच माणसाची होती, की भाजपविरोधाची होती, हे पहिल्यांदाच कळेल. माझा अंदाज विचाराल तर निम्मी-निम्मी. पण मी अंदाज पैजेवर लावत नाही, घरातल्यांनीच हरवलंय पूर्वी.

नारायणपेठी_पाहुणा

ताई, एवढं तर मला पुण्यात आल्यापासून कुणी सांगितलं नव्हतं. एक शेवटचं. माझं नाव अजून लातूरला आहे. इथे आणू का? भाड्याच्या घरावर होतं का?

तांबट_आळी

होतं की. फॉर्म ८ भरायचा, पत्ता बदलल्याचा. फॉर्म ६ भरू नका, तो नव्याने नाव घालणाऱ्यांसाठी. तो भरलात तर नाव दोन ठिकाणी राहतं आणि दुबारमध्ये अडकता. ऑनलाइन होतं, नोंदणी केलेला भाडेकरार किंवा तुमच्या नावाचं बिल जोडा. घरमालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बीएलओला 'इथे कुणी राहत नाही' म्हणून परत पाठवेल, नारायण पेठेत हे फार होतं. आणि ती आली की पाणी तरी विचारा. तुमच्या त्या इमारतीला लिफ्ट नसणार.